घरात सिंगल फेज, लेथ थ्री फेज: २ एचपीची मोटर चालवावी कशी?

मानेवाडा_खराद
नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये छोटंसं वर्कशॉप टाकून राहिलो आहे. हिंगणा एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या युनिटमधून साडेचार फुटी जुनी लेथ (लोखंड कातायचं यंत्र) घेतली. बेड सरळ आहे, हेडस्टॉकला आवाज नाही, जॉब धरणारा चार जबड्यांचा चकही सोबत मिळाला. अडचण एकच. मोटर थ्री फेज आणि घरी मीटर सिंगल फेज.

इतवारीत लोहा ओळीच्या आसपास चौकशी केली. एक म्हणतो कपॅसिटर लावा, दुसरा म्हणतो ही मोटर काढून सिंगल फेजची बसवा, तिसरा ड्राइव्ह (सिंगल फेजचं थ्री फेज करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) विकायलाच बसला आहे. यूट्यूबवर अमेरिकन लोक एक जास्तीची मोटर नुसती फिरवत ठेवतात आणि तिच्यातून तिसरा फेज काढतात, तेही पाहून झालं. धंदा करायचा नाही, स्वतःपुरतं काम, दिवसाचे तास-दोन तास. कोणाचं ऐकू?

काटोलकर
काकाजी, कायले डोकं खपवून राहिले? आमच्या संत्र्याच्या बागेत ३ एचपीची मोटर कपॅसिटरवर चालवली आमी. सिंगल फेजिंगच्या टायमाले, म्हणजे लाइनवर एकच फेज येत होता तवा, अख्खं गाव असंच पाणी ओढत होतं. डब्बा येते तयार. बटन दाबाचं, मोटर गरकन फिरली का सोडून द्याचं. झालं काम. ड्राइव्हवाल्याले कशाले पैसे देता?

रिवायंडर
काटोलकरभाऊ, तुमच्या त्या डब्ब्यावर माझ्या दुकानाचं भाडं निघत होतं, म्हणून वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण उन्हाळ्यात रोज मोटरी यायच्या. कव्हर उघडलं की एका फेजच्या कॉइली करपून काळ्या, शेजारच्या दोन फेजच्या ठणठणीत, वार्निश अजून चमकतंय. मोटर जुनी झाली म्हणून जळाली असती तर तिन्ही फेज सारखेच करपले असते.

कपॅसिटरचं गणित असं आहे. मोटर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणासारख्या) जोडायची, दोन टोकांना २३० व्होल्ट द्यायचे आणि तिसऱ्या टोकाला कपॅसिटरमधून फेज सरकवून द्यायचा. ५० हर्ट्‌झला साधारण दर किलोवॅटला ७० मायक्रोफॅरड. म्हणजे काकाजींच्या २ एचपीला शंभर-एकशेपाच. एवढ्यावर मोटर फिरते, पण ताकद साठ-सत्तर टक्केच मिळते आणि सुरू होतानाचा जोर त्याहून बराच कमी. म्हणून सुरुवातीपुरता आणखी एक कपॅसिटर लागतो, बटन सोडलं की तो सुटला पाहिजे. सुरुवातीचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चालू राहिला तर फुटतो, आणि फुटतो तेव्हा शेडमध्ये कोणी उभं राहत नाही.

खरी मेख पुढे आहे. कपॅसिटरचा आकडा एका ठरावीक लोडलाच बरोबर बसतो. पंपाला ते चालून जातं, विहिरीतलं पाणी जवळपास तेवढंच ओढायचं असतं. लेथला एका मिनिटात नुसता चक फिरतोय आणि दुसऱ्या मिनिटाला दोन मिलिमीटरचा कट आहे. लोड नसताना एका वाइंडिंगमधून उलट जास्तच करंट जातो. हे कुणाला पटत नाही, क्लॅम्प मीटर (तारेला वेढून करंट मोजणारं) लावून दाखवलं की पटतं.

काकाजी, आत्ता काहीच विकत घेऊ नका. नेमप्लेट कापडाने पुसून तिचा फोटो टाका. आणि टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडून सांगा, आत तारा तीन आहेत की सहा.

कोराडी_माजी
रिवायंडर यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी पॉवर स्टेशनमधून निवृत्त, त्यामुळे थोडं मुळापासून सांगतो. घाई असेल त्यांनी खाली सरकावं.

इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले गेले आहेत. फेज किती हा एक आणि व्होल्टेज किती हा दुसरा. दुकानदार फक्त पहिल्याचं उत्तर विकतो.

गल्लीतल्या डीपीत ११ हजार व्होल्ट येतात आणि बाहेर पडताना लोड नसताना ४३३ होतात. बाहेरची वाइंडिंग स्टारमध्ये (तिन्हींचं एकेक टोक एकत्र बांधलेली) असते, तिच्या मध्यबिंदूतून न्यूट्रल काढून तो अर्थ केलेला असतो. आर, वाय, बी हे तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांनी पुढेमागे. त्यामुळे फेज-न्यूट्रल २३० असेल तर फेज-फेज ४६० होत नाही, २३० गुणिले १.७३२ म्हणजे ४०० होतं. जुन्या हिशेबात हेच २४० आणि ४१५ होतं, म्हणून मोटरींच्या प्लेटवर अजून ४१५ दिसतं.

सिंगल फेजमध्ये पॉवर सलग मिळत नाही. ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. हीटरला, बल्बला याचं काही देणंघेणं नाही, मोटरला मात्र आहे. उभ्या मोटरला कुठल्या दिशेने फिरायचं हेच सिंगल फेज सांगू शकत नाही, म्हणून तिथे स्टार्टिंग वाइंडिंग, कपॅसिटर, सेंट्रिफ्युगल स्विच असा लवाजमा लागतो. थ्री फेजमध्ये तिघांची बेरीज कायम सारखी राहते आणि चुंबकीय क्षेत्र आपोआप फिरतं. लेथवर सिंगल फेज मोटर बसवली तर चालते, त्यात चूक काही नाही, पण बारीक फिनिशिंगच्या कटमध्ये ती १०० हर्ट्‌झची थरथर कधीकधी जॉबवर उमटते. शिवाय चालू मोटर पटकन उलटी फिरवता येत नाही, पूर्ण थांबू द्यावी लागते.

आता व्हीएफडी, म्हणजे ज्याला सगळे ड्राइव्ह म्हणतात. तो आलेल्या २३० व्होल्टचं आधी डीसी करतो. ते होतं साधारण ३२५ व्होल्ट. मग ते डीसी कापून-कापून तीन फेज बनवतो. ३२५ व्होल्ट डीसीतून २३० पेक्षा जास्त थ्री फेज निघत नाही. ४१५ काढायला आत ५८७ व्होल्ट डीसी लागेल. म्हणून सिंगल फेज ड्राइव्हच्या डब्यावर ‘आउटपुट थ्री फेज’ लिहिलेलं असलं तरी ते थ्री फेज २३० असतं. तुमची मोटर ४१५ ची. पुढचा सगळा खेळ इथेच आहे.

काटोलकर
काकाजी, हे आमच्या लाइनमनले पण सांगा एकदा.

मानेवाडा_खराद
प्लेट पुसली, ग्रीसचा थर निघाला. १.५ किलोवॅट, २ एचपी, ४१५ व्होल्ट, ३.४ अँप, ५० हर्ट्‌झ, १४१५ आरपीएम. कनेक्शनच्या चौकटीत इंग्रजी वाय अक्षर आहे. बॉक्समध्ये सहा बोल्ट, तीन-तीनच्या दोन रांगा. वरच्या रांगेत तिन्ही बोल्टांवर मिळून एकच आडवी पितळी पत्ती, खालच्या तिन्हीला बाहेरून आलेल्या तारा.

रिवायंडर
लॉटरी लागली समजा.

ती आडवी पत्ती म्हणजे स्टार. तिन्ही वाइंडिंगची एकेक शेपटी तिने एकत्र बांधली आहे. प्रत्येक वाइंडिंगच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३२ म्हणजे २४० व्होल्टच येतात, वाइंडिंग तेवढ्यासाठीच भरलेली आहे. पत्ती काढा, तिच्याऐवजी वरचा बोल्ट खालच्या बोल्टला जोडणाऱ्या तीन उभ्या पत्त्या लावा. हे डेल्टा. आता प्रत्येक वाइंडिंग थेट दोन तारांच्या मध्ये आली, म्हणजे ड्राइव्हचे २३० तिला हवे तेवढेच. मोटरला वाटेल आपण एमआयडीसीतच आहोत. ताकद पूर्ण मिळेल.

करंट मात्र १.७३२ पट होईल. ३.४ चा ५.९ अँप. ड्राइव्ह त्या हिशेबाने घ्यायचा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वरच्या-खालच्या बोल्टांची जोडी तिरपी असते, डब्ल्यू२ च्या खाली यू१, यू२ च्या खाली व्ही१, व्ही२ च्या खाली डब्ल्यू१. कोणी आधी रिवायंड केली असेल तर बोल्टांवर विसंबू नका, वाइंडिंगची टोकं मीटरने तपासूनच पत्त्या लावा. आणि जुनी मोटर आहे, बॉडी आणि वाइंडिंगमध्ये मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारून घ्या. ड्राइव्हमधून निघणारं व्होल्टेज गुळगुळीत नसतं, त्यात झटके असतात, कमजोर इन्सुलेशन त्यात आधी जातं. मोटर ओलसर असेल तर दोन दिवस उन्हात ठेवा. मे महिन्यात आपल्या नागपूरच्या उन्हाला ओव्हन लाजेल.

हुडकेश्वर_चक्की
दादा, माझा प्रश्न याच्यातच विचारते. माझी पिठाची चक्की आहे, ५ एचपीची मोटर, ४१५ व्होल्ट. सध्या भाड्याच्या गाळ्यात थ्री फेज आहे. घरी हलवायची आहे, घरी सिंगल फेज. मीही ड्राइव्ह लावून पत्त्या बदलल्या तर चालेल का?

रिवायंडर
ताई, नाही चालणार. लहान मोटरी, साधारण २ एचपीपर्यंत, आपल्याकडे ४१५ ला स्टारमध्ये येतात. त्याच्या वरच्या बहुतेक ४१५ लाच डेल्टात असतात. तुमच्या मोटरीची वाइंडिंग मुळातच ४१५ साठी भरलेली, तिला डेल्टाच्या खाली न्यायला जागाच उरली नाही. २३० दिलेत तर जात्यात धान्य टाकल्याबरोबर मोटर बसून जाईल.

कोराडी_माजी
तेच आकड्यात सांगतो. मोटरला व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी यांचं प्रमाण सांभाळून लागतं. ४१५ ला ५० हर्ट्‌झ, तर २३० ला २७.७ हर्ट्‌झ. तेवढ्या वेगापर्यंत ती पूर्ण जोर देईल, पण अर्ध्याच्या जरा वर वेगात. म्हणजे ५ एचपीची मोटर पावणेतीन एचपीचं काम करणार. लेथवाल्याला हे चालवून घेता येतं, दळणाला नाही. बरं, ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. सिंगल फेजमधून एवढं ओढायचं तर ड्राइव्हच्या इनपुटला तीसच्या वर अँप जातात. घरातली वायरिंग आणि मीटर त्यासाठी नसतं. गिऱ्हाईक दारात उभं असताना रोज एमसीबी पडणं बरं दिसत नाही.

ताई, तुमच्यासाठी थ्री फेज कनेक्शन हाच रस्ता आहे.

हिंगणा_ऑटोमेशन
आणि ताई, वर्गवारीचं पाहून घ्या. घरगुती मीटरवरून दळण दळून पैसे घेणं हे मंजूर कारणाखेरीज वीज वापरणं ठरू शकतं. वीज कायदा २००३ चं कलम १२६ त्यासाठीच आहे, आकारणी त्या वर्गवारीच्या दराच्या दुप्पट होते. चक्कीसाठी अर्ज करताना वेगळा मीटर, वेगळी वर्गवारी मागा, आणि वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक कंत्राटदाराकडूनच घ्या. काकाजी स्वतःपुरतं काम करणार म्हणतात तोवर ठीक, पण शेजारपाजारचे जॉब घेऊ लागले तर हेच त्यांनाही लागू होऊ शकतं.

हुडकेश्वर_चक्की
बरं झालं विचारलं. ड्राइव्हवाला तर ‘बसवून देतो, बिनधास्त चालवा’ म्हणत होता.

नंदनवन_३०७
एवढा उपद्व्याप कशाला? आमच्या फ्लॅटच्या जिन्यातल्या मीटर पॅनलमध्ये तिन्ही फेज आहेत. शेजारच्याकडून एक फेज वायर ओढली, खालच्याकडून एक, आपला एक. झाले तीन.

कोराडी_माजी
अजिबात करू नका. कायद्याचं बाजूला ठेवा, आधी जिवाचं बोलू. तीन वेगळ्या मीटरांमागून, तीन वेगळ्या एमसीबींमागून आलेले फेज एका यंत्रात आले की तुमचा मेन बंद केला तरी यंत्रात ४०० व्होल्ट जिवंतच राहतात. जो कोणी दुरुस्तीला हात घालेल तो ‘मेन बंद आहे’ म्हणूनच घालेल. शिवाय तुमच्या फेजमधून गेलेला करंट तुमच्या न्यूट्रलमधून परत येणार नाही, म्हणजे तिघांचेही आरसीसीबी (करंटची गळती पकडून लाइन तोडणारे स्विच) पडत राहतील. मग कोणीतरी शहाणा ते काढून टाकेल.

न्यूट्रलचा विषय निघालाच आहे. थ्री फेज फोर वायरमध्ये सगळ्यात महत्त्वाची तार तीच, आणि तिच्याकडेच कोणी पाहत नाही. समजा खांबावरचा न्यूट्रलचा लग, म्हणजे तारेचा जोड, जळाला. तुमच्याकडे आर फेजवर २००० वॅटचा गीझर चालू आहे, वाय फेजवर शेजाऱ्याचा १०० वॅटचा टीव्ही. न्यूट्रल सुटला की दोघं एकामागोमाग एक जोडले जाऊन ४०० व्होल्टच्या मध्ये सापडतात. गीझरचा रोध सव्वीस-सत्तावीस ओहम, टीव्हीचा ५२९. करंट दोघांतून एकच, ०.७२ अँप. त्याने गीझरला मिळतात १९ व्होल्ट आणि टीव्हीला ३८१. गीझरवाला म्हणतो पाणी का तापत नाही, टीव्हीवाल्याच्या घरातून धूर. ‘अचानक व्होल्टेज वाढलं आणि अख्ख्या मजल्याचे टीव्ही, फ्रीज गेले’ अशा गोष्टी ऐकता ना, त्यातल्या बऱ्याच न्यूट्रलच्याच असतात. थ्री फेज घेणाऱ्याने न्यूट्रलला फ्यूज किंवा सुटा सिंगल पोल स्विच कधीच लावू नये. ओव्हर-अंडर व्होल्टेजचा कटआउट बसवला तर चार पैसे सत्कारणी लागतात.

नंदनवन_३०७
समजलं काका. विषय संपला.

धंतोलीकर
जरा विषयांतर, पण व्होल्टेजचंच आहे. वहिनी न्यू जर्सीहून आल्या, सोबत तिकडचा स्टँड मिक्सर आणि हेअर ड्रायर. प्लेटवर १२० व्होल्ट ६० हर्ट्‌झ. सीताबर्डीवर एकाने हातात मावेल एवढा ‘कन्व्हर्टर’ दाखवला, १६०० वॅटचा म्हणाला. घ्यावा का?

कोराडी_माजी
तो हातात मावणारा घेऊ नका. तो आतून लाइट डिमरसारखा असतो, व्होल्टेजची लहर चिरून अर्धवट सोडतो. साध्या हीटरच्या तारेला कसाबसा चालतो. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सला नाही.

मिक्सरला लोखंडी कोअरचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, मिक्सरच्या वॅटच्या निदान दीडपट. कार्बन ब्रश असलेल्या मोटरला ५० की ६० हर्ट्‌झ याने फारसा फरक पडत नाही. पण मायक्रोवेव्ह आणला असता तर नको म्हटलं असतं, त्यातला ६० हर्ट्‌झचा ट्रान्सफॉर्मर ५० वर तापतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही.

हेअर ड्रायर वहिनींनाच परत न्यायला सांगा. तिकडचे १८७५ वॅटचे असतात. त्यासाठी अडीच केव्हीएचा जड ठोकळा घ्यायचा, त्यापेक्षा इथला नवा ड्रायर किती तरी स्वस्त. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यांना फक्त पिन बदलायची.

मानेवाडा_खराद
न्यू जर्सीचा विषय निघाला म्हणून विचारतो. ते अमेरिकन व्हिडिओतले लोक ड्राइव्ह लावतात तेव्हा पत्त्यांचं कोणीच बोलत नाही, असं का?

कोराडी_माजी
कारण त्यांच्या वर्कशॉपमधल्या थ्री फेज मोटरी बहुतेक २३०/४६० अशा दुहेरी व्होल्टेजच्या असतात, नऊ तारांच्या. त्यांच्या घरी सिंगल फेजच येतो, पण ट्रान्सफॉर्मरच्या मधून न्यूट्रल काढलेला, १२० इकडे आणि १२० तिकडे, दोन टोकांत २४०. ते दोन टोक म्हणजे आपले दोन फेज नव्हेत. त्यांची मोटर २३० ला जोडली की काम झालं. त्यांचा जुगाड जसाच्या तसा आपल्या ४१५ च्या मोटरला लावला की ती कुंथत फिरते आणि मग ड्राइव्ह खराब निघाला म्हणून दुकानात भांडण. फिरत्या मोटरीतून तिसरा फेज काढायचा त्यांचा प्रकार खरा आहे, त्यावर एकाच वेळी दोन-तीन मशीनही चालतात. पण आपल्याकडे तसं करायचं तर आधी ट्रान्सफॉर्मरने २३० चे ४१५ करावे लागतात. वर तो आवाज, ती जागा, आणि रिकामी फिरतानाही वीज खाणं. एका लेथसाठी नको.

हिंगणा_ऑटोमेशन
आता ड्राइव्हचं माझ्याकडून. रोज हेच काम करतो.

१.५ किलोवॅटची मोटर, ५.९ अँप. १.५ किलोवॅटच्या ड्राइव्हवर ७ अँपच्या आसपास लिहिलेलं असतं, चालेल. पण मी तुम्हाला २.२ चाच सांगेन, कारण तुमचं शेड टिनाचं असणार. ड्राइव्हचा पूर्ण करंट ४० किंवा ५० अंशांपर्यंतच धरलेला असतो, मॉडेलवर पाहून घ्या. मे महिन्यात बाहेर ४५, टिनाखाली बंद पेटीत किती होईल तुम्हीच सांगा. पेटी मोठी घ्या, ड्राइव्हच्या वर-खाली वीतभर जागा सोडा, पंख्याला फिल्टर लावा. लोखंडाचा बारीक कीस आत गेला की सर्किट जळतं. आणि एक नागपुरी सूचना: शेडमध्ये डेझर्ट कूलर असेल तर त्याचा झोत पेटीवर नको. दमट हवा आणि लोखंडाचा कीस, दोन्ही एकदम.

वायरिंग: गीझरच्या पॉइंटवरून ओढू नका. डीबीतून (एमसीबींच्या पेटीतून) स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटर तांबं, २५ किंवा ३२ अँपची सी कर्व्ह एमसीबी. थ्री फेजच्या बाजूला सहा अँप असले तरी सिंगल फेजच्या बाजूला पूर्ण लोडला पंधराच्या घरात जातात. अर्थिंग नीट. ड्राइव्हमुळे साधा आरसीसीबी उगाच पडतो, म्हणून लोक तो काढून टाकतात. काढायचा नाही. मॅन्युअलमध्ये ए किंवा बी जो टाइप सांगितला असेल तो त्या लाइनला वेगळा लावायचा.

लेथवर जुना फॉरवर्ड-रिव्हर्स ड्रम स्विच असेल. तो ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये ठेवून चालू मोटरवर फिरवला की ड्राइव्हचं आउटपुट गेलं म्हणून समजा. मोटरच्या तीन तारा थेट ड्राइव्हला. ड्रम स्विच फेकायचाही नाही, त्याचे संपर्क ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला आणा. दांडी तीच, हात तोच, फक्त आता तो करंट तोडत नाही, ड्राइव्हला हुकूम देतो.

पॅरामीटरमध्ये मोटरचं व्होल्टेज २३०, करंट ५.९, फ्रिक्वेन्सी ५०, आरपीएम १४१५. प्लेटवरचे ४१५ आणि ३.४ भरू नका, पत्त्या बदलल्यावर ते आकडे मेले. वेग घ्यायला चार-पाच सेकंद द्या. आता नीट ऐका: चक स्पिंडलवर आट्यांनी बसणारा असेल तर थांबायचा वेळ अजिबात कमी ठेवू नका आणि उलट फिरवताना पूर्ण थांबू द्या. एकदम ब्रेक लागला की स्पिंडल थांबतो, चक नाही. तो आपल्याच वजनाने आटे सोडून बेडवर येतो. चार जबड्यांचा चक किती जड आहे हे तुम्ही उचलून पाहिलंच असेल.

वेग कमी करायला बेल्टच्या पुल्या विसरू नका. ड्राइव्हने १० हर्ट्‌झवर आणलं तर वेग पाचपट कमी होतो पण जोर वाढत नाही, पुलीने आणलं तर जोर वाढतो. शिवाय मोटरचा पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो, हळू फिरली की वाराही हळू. वीस-पंचवीसच्या खाली फार वेळ जड कट घेऊ नका.

बंद केल्यावर झाकण लगेच उघडू नका. आतले कपॅसिटर ३२५ व्होल्टवर भरलेले असतात, दहा मिनिटं थांबा आणि तरी मीटरने पाहा.

काटोलकर
एक सांगा भाऊ, आमच्याकडं वीज कंपनीवाले सांगतेत का मोटरले कपॅसिटर बसवा न ऑटो स्विच काढा. अन् तुमी सांगून राहिले कपॅसिटर नको. खरं कोणाचं?

रिवायंडर
दोन्ही खरं. ते सांगतात तो कपॅसिटर पूर्ण थ्री फेजवर चालणाऱ्या पंपाचा पॉवर फॅक्टर सुधारायला असतो, तिन्ही फेजना सारखा जोडलेला. त्याने लाइनवरचा करंट कमी होतो, व्होल्टेज बरं मिळतं. तुमचा डब्बा एका फेजचा नकली दुसरा फेज बनवायला असतो. आणि ऑटो स्विच काढायला सांगतात कारण लाइन आली की फीडरवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, प्रत्येक जण सहापट करंट ओढतो आणि डीपी जळतो. मग आठ दिवस बसा. त्यापेक्षा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावा, एक फेज गेला तर मोटर बंद होईल.

मानेवाडा_खराद
मंडळी, झालं. आधी मेगर मारून घेतला, बरा आला. उभ्या पत्त्या रिवायंडिंगच्या दुकानात मिळाल्या, टोकं मीटरने तपासून डेल्टा केलं. ड्राइव्ह २.२ चा घेतला, वायरिंग परवानाधारकाकडून करून घेतली. पहिल्यांदा उलटी फिरली, ड्राइव्हकडून मोटरला जाणाऱ्या दोन तारा अदलाबदल केल्या. ४० मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलवर दीड मिलिमीटरचा कट घेतला, ड्राइव्ह ४.६ अँप दाखवत होता, आवाजात फरक नाही. चक आट्यांचाच निघाला, म्हणून थांबायचा वेळ सहा सेकंद ठेवला.

एक राहिलं. लेथला कूलंटचा छोटा पंप आहे, तोही थ्री फेज ४१५, बाहेर तीनच तारा. त्याच ड्राइव्हला जोडू का?

हिंगणा_ऑटोमेशन
नको. मोटरचा वेग कमी केला की पंपही मंदावणार, आणि त्याला २३० पुरणारही नाहीत. तो स्टार आतच बांधलेला आहे.

रिवायंडर
आतला स्टार सोडून सहा तारा बाहेर काढून देईन, पण त्या पंपाच्या किमतीत ते परवडत नाही. काकाजी, नागपुरात राहता ना? घरातल्या कूलरचा सिंगल फेज पंप टाका टाकीत. भोवती बारीक जाळी लावा, नाहीतर कीस अडकून पंख बसतो. आणि त्याची लाइन ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवरूनच घ्या, अर्थ तपासून. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचे शॉक लागतात, आणि इथे तर तुम्ही ओल्या हाताने लोखंडी मशीनला टेकून उभे असणार.